कान तपासायची अंधारी खोली

खामगावात मी दवाखाना थाटला तेव्हा पहिल्यांदा येणारा पेशंट दारातच थबकायचा. भर दुपारी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आत एकच दिवा आणि कपाळावर गोल आरसा बांधून बसलेली एक बाई. बाहेर रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रीघ, ऊन डोळ्यांत खुपणारं, आणि इथे हा काळोख. एका म्हातारीनं तर उंबऱ्यातूनच विचारलं होतं, "काऊन वं बाई, अंगात येते का तुह्या?"

अंगात काही येत नव्हतं. कानाची नळी अरुंद आणि वाकडी असते. पेशंटच्या डोक्यामागे दिवा ठेवायचा, त्याचा उजेड माझ्या कपाळावरच्या आरशावर पडायचा, आरशातून तो कानात सोडायचा आणि आरशाच्या मधल्या भोकातून आत बघायचं. बाहेरचं ऊन खोलीत आलं की आतलं काही धड दिसत नाही, म्हणून अंधार. आता यातलं काही उरलं नाही. बॅटरीवरची छोटी नळी आली आणि कानाच्या डॉक्टरांच्या खोल्या इतरांसारख्याच लख्ख झाल्या. संपादकांना या लेखाचं नाव ‘कानगोष्टी’ असं हवं होतं. मी नाही म्हटलं. मला त्या खोलीबद्दलच लिहायचंय, कारण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं निदान माझ्या हुशारीनं नव्हे, त्या अंधारानं केलं.

तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी नागपूरला शिकून आले होते, पण घर खामगावचंच, त्यामुळे पेशंटशी बोलायला लागले की जीभ आपोआप वऱ्हाडीवर यायची. पेशंट बहुतेक मळाचे. आमच्याकडे कानात तेल घालणं ही माया दाखवायची रीत. पोराला न्हाऊ घातलं, घाल तेल. जावई आला, घाल तेल. त्या तेलावर रस्त्याची धूळ आणि जिनातली, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातली, कापसाची पिंज बसायची आणि आत असा काही गोळा जमायचा की तो काढताना मलाच घाम फुटायचा. एका शाळामास्तरांचे दोन्ही कान असे धुऊन दिले. आठवड्यानं परत आले ते तोंड पाडून. म्हणाले, "बाई, उपकार झाले, पण आता वर्गात पोरं मला काय म्हणतात तेही ऐकू येऊन राह्यलं." त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं. फी मात्र मी घेतली.

जिनातले मजूर यायचे. यंत्रांच्या धडधडीत वर्षं काढलेली माणसं. एकमेकांशी ओरडून बोलायची आणि घरीही तसंच बोलायची, म्हणून शेजारी भांडायचे. त्यांचे कान वरून साफ असायचे. पडदा मोत्यासारखा चमकदार. बिघाड त्याच्या पलीकडे. मी सांगायची, कामावर असताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात घाल. ते हसायचे. "दिवसभर कापसातच असतो बाई, आता कानातही तोच घालू म्हन्ता?" मला राग यायचा. आता वाटतं, मी समजावून सांगायला कमी पडत नव्हते. आत काय आहे हे डोळ्यांना दाखवता येत नव्हतं, एवढंच. पडद्याच्या अलीकडे मी डॉक्टर होते. पलीकडे मी फक्त बातमी सांगणारी बाई होते, आणि बातमी बहुधा वाईट असायची.

अशात एका बाजाराच्या दिवशी पिंपळगाव राजाच्या पार्बताबाई आल्या. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर लावणारं माळ्याचं घर. माल विकून रिकामी झालेली गाडी दवाखान्यासमोर सोडलेली. सोबत सून होती, वच्छला. विशीतली, तरतरीत, डोळे सारखे भिरभिरणारे. पार्बताबाईंनी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"डाक्टरीनबाई, ही माही सून. जन्माची बहिरी हाये. बोलत बी नाही."

"मग आज का आणलंत? जन्माचं असेल तर माझ्याकडे औषध नाही, आधीच सांगते."

"औषध नोको. हे सांगा का दिवसा इले सारं समजते अन् दिवे लागले का काहीच काऊन समजत नाही?"

मी हातातला चिमटा खाली ठेवला. असली तक्रार मी पूर्वी कधी ऐकली नव्हती आणि पुढेही ऐकली नाही.

बाईंनी समजावून सांगितलं. घरातल्या सगळ्यांनी मिळून खुणांची बोली बनवली होती. नाकाला बोट लावलं की आत्या, म्हणजे खुद्द पार्बताबाई, कारण त्यांच्या नाकात मोठी नथनी. मिशीवरून बोट फिरवलं की नामदेव, म्हणजे वच्छलाचा नवरा. डोक्याभोवती बोट फिरवलं की फेटा, अर्थात सासरे. पाणी, भाकर, बैल, बाजार, ताप, राग, सगळ्याला खूण होती. दिवसा ही मुलगी वाफ्याच्या या टोकावरून त्या टोकाला उभ्या असलेल्या नवऱ्याशी गप्पा मारायची. मजूर बायांपेक्षा आधी तिला कळायचं की कुठला वाफा भरला, पाणी कुठे वळवायचं. आणि संध्याकाळी चिमणी लावली की तीच पोरगी दगड व्हायची. खूण केली तरी बघून न बघितल्यासारखं करायची. सासऱ्यांच्या भरल्या ताटात पाय पडला. दुधाचं भगुनं लवंडलं. पाहुणे बसलेले असताना त्यांच्या अंगावर गेली. सासऱ्यांचं म्हणणं, ही मिजास आहे. दिवसभर काम करते आणि संध्याकाळी त्याचा वचपा काढते. भगताकडे नेऊन झालं होतं. आता म्हातारा म्हणत होता, तिला माहेरी नेऊन सोडा, आणि नामदेवाचं दुसरं बघा.

"तिले ठावं हाये हे?" मी विचारलं.

"बैलगाडीची खूण अन् तिच्या बापाची खूण, दोन्ही एका जागी पाह्यली का रडते. सारं समजते तिले. दिवसा."

मी दोघींना आतल्या खोलीत नेलं. वच्छलाला स्टुलावर बसवायचं होतं. बाहेरच्या उन्हातून ती आत आली आणि सरळ स्टुलावर धडकली, तोल गेला, भिंतीला धरून उभी राहिली. उन्हातून अंधारात आल्यावर आपण सगळेच क्षणभर चाचपडतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही. कान बघितले. निर्मळ. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा पोलादी काटा, वाजवून कानामागच्या हाडाला टेकवला, तर तिनं मान डोलावली. पण ती थरथर हाताला लागते तशी हाडाला लागते, तिला ऐकणं म्हणत नाहीत. म्हणजे जन्माचं बहिरेपण, आतलं. माझं काम एवढ्यावर संपलं होतं. मी आरसा वर केला आणि तिला ‘ऊठ’ अशी हातानं खूण केली.

ती उठली नाही. माझ्याकडेच बघत होती, पण माझा हात तिच्या हिशेबी नव्हताच. मी पुन्हा खूण केली. काही नाही. दिव्याच्या मागे बसलेल्या पार्बताबाई मला दिसत होत्या, त्यांच्या नथनीतला मणी दिसत होता. या खोलीत येऊन बराच वेळ झाला होता. माझ्या डोळ्यांना हा अंधार आता अंधारच वाटत नव्हता. मी उठून खिडकीची एक फळी ढकलली. उन्हाची पट्टी आत आली. मी पुन्हा तीच खूण केली. तिनं माझ्या हाताकडे बघितलं आणि पटकन उभी राहिली.

पार्बताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे इले दिसत नाही?"

"दिसतं. उजेडात."

मग मी एक एक विचारत गेले. लहानपणी चालायला कधी लागली? फार उशिरा, बाप म्हणायचा, पायात जीव नाही. उजेडातच तिला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायची खूण केली. डोळे मिटले आणि ती कलली, मी धरलं नसतं तर पडली असती. मग डोळे उघडायला लावून बाजूनं हळूच हात पुढे आणला, तर तो जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत तिला दिसला नाही.

इथे थांबून माझा धंदा जरा उलगडून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कानाच्या पडद्याच्या आत, हाडाच्या पोटात, गोगलगाईच्या शंखासारखी एक वळलेली नळी असते, ती ऐकण्याची. तिला लागूनच कमानीसारख्या नळ्या आणि पिशव्या असतात, त्या तोल सांभाळतात. दोन्हींत पाणी, आणि पाण्यात बुडालेल्या पेशी. प्रत्येक पेशीच्या डोक्यावर अतिसूक्ष्म केसांचा झुपका. ते केस कसेही उगवलेले नसतात. जिन्याच्या पायऱ्यांसारखे, एका बाजूला बुटके, दुसऱ्या बाजूला उंच. आवाजानं पाणी हललं आणि केस उंच बाजूला झुकले की पेशी मेंदूला कळवते. उलट झुकले की गप्प होते. म्हणून उंच बाजू कुठली, हे पेशीला पक्कं ठाऊक असावं लागतं, आणि शेजारच्या पेशींच्या रांगेशी जुळावं लागतं. मेडिकल कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली मी त्या रांगा पहिल्यांदा बघितल्या तेव्हा किती वेळ मान वर केली नव्हती.

पेशीला ही दिशा कोण दाखवतं, ते मी पुष्कळ नंतर वाचलं. पेशी घडत असताना तिच्या मधोमध एकच वेगळा तंतू उगवतो. शास्त्रात त्याला सिलियम म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ पापणीचा केस. हा तंतू मधून सरकत सरकत एका कडेला जातो. तो ज्या कडेला जाऊन उभा राहतो ती उंच बाजू, आणि बाकीचे केस त्याच्या धोरणानं पायऱ्या लावतात. ऐकण्याच्या नळीत तर काम झाल्यावर तो नाहीसाच होतो. गवंडी भिंतीला दोरी लावतो, विटा रचून झाल्या की दोरी गुंडाळून ठेवतो, तसंच. काही घराण्यांत हा तंतू आणि बाकीचे केस यांना एकत्र बांधणारे बारीक धागेच नीट बनत नाहीत. मग झुपके विस्कटतात, मूल बहिरं जन्मतं, तोल कच्चा राहतो. आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, मंद उजेडात बघणाऱ्या पेशीतही असलाच एक तंतू असतो. तिथे बिघाड दिसायला वेळ लागतो. आधी संध्याकाळ जाते. मग बाजूचं दिसणं. मग मधलं.

हे सगळं तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढं शिकवलं होतं की जन्माचं बहिरेपण आणि वाढत जाणारं आंधळेपण कधीकधी एकाच माणसात असतं, आणि बहुधा नात्यातल्या लग्नाच्या घरात. मी पार्बताबाईंना विचारलं.

"माह्या सख्ख्या भावाची पोरगी हाये," त्या म्हणाल्या. "तिचे मायबापबी नात्यातलेच. बहिऱ्या पोरीले कोन करते बाई? भाऊ तिच्या लग्नाच्या घोरानं वाळून गेला होता. मंग म्याच म्हनलं, तुही वच्छी माह्या नामदेवाले दे. मामाची पोरगी, हक्काची. माह्या घरी तिले कोनी हिडीसफिडीस करनार नाही."

मायेनं केलेली गोष्ट होती, आणि त्याच मायेच्या रीतीनं पिढ्यान्‌पिढ्या हा दोष त्या घराण्यात जपला होता. नामदेव-वच्छलाला अजून मूल नव्हतं. तो विषय मी त्या दिवशी बाजूला ठेवला. डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली आणि सासू-सुनेला अकोल्याला पाठवलं. तिथून उत्तर आलं ते माझ्या भीतीप्रमाणेच. गाजरं, पालेभाजी, माशाचं तेल, कशानंही जाणारं हे रातांधळेपण नव्हतं.

पुढच्या बाजाराला मी सगळ्यांना बोलावलं. पार्बताबाई, वच्छला, तिचा नवरा नामदेव आणि सासरे गोविंदराव. गोविंदराव म्हणजे अंगानं काटक, बोलायला रोखठोक. माझ्यासमोर बसायलाही तयार नव्हते.

"सोंग हाये बाई. दिवसा सुईत दोरा ओवते हे."

"सोंग असेल तर आत्ताच कळेल," मी म्हटलं आणि सगळ्यांना अंधाऱ्या खोलीत घेतलं. खिडक्या उघड्या ठेवून नामदेवाला खूण करायला सांगितली. त्यानं मिरच्यांची खूण केली, भाव विचारल्याची खूण केली. वच्छला हसली आणि बोटांनी भाव सांगितला. मग मी फळ्या लावल्या, दिवा मागे सरकवला आणि थोडा वेळ थांबले. आम्हाला सगळ्यांना एकमेकांचे चेहरे दिसत होते. नामदेवानं तीच खूण केली. ती नुसती समोर बघत राहिली. गोविंदरावांनी स्वतः पुढे होऊन तिच्या तोंडासमोर हात हलवला, फेट्याची खूण केली, मारायला उगारल्यासारखं केलं. तिची पापणीसुद्धा लवली नाही. म्हाताऱ्यानं हात खाली घेतला. मी खिडकी उघडली तेव्हा ते स्टुलावर बसले होते.

"सोंग नाही," ते म्हणाले. "मंग याले इलाज सांगा."

"इलाज नाही. आणि हे वाढत जाणार आहे. किती वर्षांत, ते मला सांगता येणार नाही. पण दिवसाही कमी कमी दिसायला लागेल."

"म्हंजे आंधळी होनार."

"हो."

पार्बताबाईंनी पदर तोंडाला लावला. वच्छला एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिच्याबद्दल काहीतरी ठरतंय हे तिला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. तिनं नामदेवाची बाही ओढली. त्यानं मान फिरवली.

मला फार चीड आली. "तिला सांगा," मी म्हटलं. "डोळे तिचे आहेत आणि सगळ्यांना ठाऊक झालंय, एक तिला सोडून."

"कसं सांगू बाई?" नामदेव म्हणाला.

"रोज सांगता तसं."

त्यानं सांगितलं. आधी चिमणीची खूण, मग डोळ्यांची, मग मूठ हळूहळू मिटत नेली. मग सूर्याकडे बोट दाखवलं आणि पुन्हा मूठ मिटली. या वेळी जास्त हळू. वच्छलानं ते सगळं नीट बघून घेतलं. ती रडेल, असं मला वाटलं होतं. तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग दोन्ही मुठींनी बैलगाडीची चाकं फिरवली, मग हनुवटीवरून दाढी ओढल्यासारखा हात नेला. ती तिच्या वडिलांची खूण होती. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डोळ्यांचं तिनं विचारलंच नाही. मला माहेरी सोडणार का, एवढंच विचारलं.

नामदेवानं बापाकडे बघितलं.

गोविंदराव वाईट माणूस नव्हते. त्यांचा आवाज उतरला होता. "मी काय वैरी हावो का तिचा? पन इचार कर. आता निदान दिवसा तिच्याशी बोलता येते. उद्या सारीच रात झाली तं? ताप आला, पोट दुखलं, घरात साप निंघाला, कोन सांगन तिले अन् कसं सांगन? अंधारात तिच्याशी बोलनार कसा तू? तिच्या मायजवळ तरी राहीन."

खरं सांगते, त्या क्षणी मला म्हाताऱ्याचं म्हणणं पटत चाललं होतं.

नामदेव उठला. खिडकीपाशी गेला आणि त्यानं स्वतःच्या हातानं फळ्या लावल्या. एक, मग दुसरी. अंधार झाला तशी वच्छला घाबरली. तिचे हात हवेत चाचपडायला लागले. प्रश्न तिनं विचारला होता आणि उत्तर यायच्या आतच उजेड गेला होता. नामदेव तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिचे दोन्ही हात धरले, ते आपल्या गालांवर ठेवले, वरून आपल्या हातांनी दाबून धरले आणि मान हलवली. उजवीकडून डावीकडे. नाही.

मग तिनं बोटं त्याच्या कपाळावर, मिशीवर फिरवली, हा तोच आहे का ते बघितल्यासारखी, आणि पुन्हा गाल धरले. आता तिनंच त्याची मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवली आणि थांबली. खरंच का, असं ती विचारत होती. त्यानं पुन्हा मान हलवली. पार्बताबाई सरकत सरकत जवळ आल्या, सुनेचा एक हात सोडवून घेतला आणि तो आपल्या नथनीला लावला. मग त्यांनीही मान हलवली. दिव्याचा उजेड होता पुरेसा, पण मला ते नीट बघवत नव्हतं. मी आरशाचा पट्टा सोडायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

मागून काठी टेकल्याचा आवाज आला. गोविंदराव उठले होते, फेटा सारखा करत होते.

"नामदेवा, चाल, बैल जुप," ते म्हणाले. "दिवस बुडाच्या आत घरी पोचाले पाह्यजे. सुनेले अंधारात दिसत नाही."